पेशी एकमेकींना ओळखतात कशा? सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी परळ भागातल्या एका ब्लड बँकेत टेक्निशियन आहे, १७ वर्षं झाली. कॅम्पला रक्त द्यायला आलेली माणसं, बिल्डिंगमधली बारावीची मुलं, पेशंटचे नातेवाईक, सगळे फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात आणि दर वेळी उत्तर अर्धवट राहतं कारण तेवढ्यात पिशवी भरते नाहीतर आतून कोणीतरी हाक मारतं. म्हणून एकदा सुट्टीच्या दिवशी बसून सगळं लिहून काढलं. पुस्तकासारखं क्रमाने नाहीये, ज्याचं महत्त्व मला रोज दिसतं त्यावर जास्त लिहिलंय.

पेशी "बोलतात" म्हणजे नक्की काय करतात? त्यांना तोंड कुठे आहे?

बोलतात म्हणण्यापेक्षा चाचपतात म्हणा. पेशीला डोळे नाहीत, कान नाहीत, आजूबाजूला नुसतं पाणी आणि गर्दी. रात्री लाइट गेल्यावर आपण स्वयंपाकघरात हाताने चाचपून ओळखतो ना, हा मिठाचा डबा, हा मिसळणाचा, तसं पेशीचं सगळं ओळखणं स्पर्शाचं आहे, म्हणजे एका रेणूचा आकार दुसऱ्या रेणूच्या खाचेत बसला की निरोप पोचला, नाही बसला तर नाही पोचला. कधी शेजारच्या पेशीला थेट हात लागतो, कधी लांबून कोणीतरी रक्तात हॉर्मोन सोडतं आणि तो वाहत येऊन चिकटतो, पण शेवटी चिकटावं लागतंच. काही निरोप, उदाहरणार्थ स्टेरॉइड हॉर्मोन, मेंब्रेन, म्हणजे पेशीचं बाहेरचं आवरण, पार करून थेट आत शिरतात, तेवढे सोडले तर बाकी बहुतेक सगळा कारभार मेंब्रेनच्या बाहेरच्या अंगावर चालतो.

मेंब्रेन म्हणजे पिशवीच ना, आतलं सांडू नये म्हणून?

पिशवी आहेच, पण नुसती पिशवी नाही. दोन थरांची चरबी, जाडी साधारण ७ ते ८ नॅनोमीटर, म्हणजे एका केसाच्या जाडीत असे दहा हजार थर आरामात मावतील. आणि ही चरबी गोठलेल्या तुपासारखी नाही तर पातळ तेलासारखी, त्यात प्रोटीन तरंगत असतात आणि इकडून तिकडे सरकतात. सिंगर आणि निकल्सन यांनी १९७२ मध्ये हे चित्र मांडलं, आजही पुस्तकात तेच आहे, त्यात भर बरीच पडलीय पण मूळ तेच. प्रोटीन सरकू शकतात हे महत्त्वाचं, कारण पुष्कळ निरोपांमध्ये दोन रिसेप्टर, म्हणजे निरोप पकडणारी प्रोटीन, सरकत जवळ येऊन जोडी झाल्याशिवाय काम सुरूच होत नाही.

प्रोटीनचं कळलं, पण साखर कशाला हवी तिथे?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो कारण शाळेत साखर म्हणजे एनर्जी एवढंच शिकवतात.

मेंब्रेनवरच्या पुष्कळशा प्रोटीनना आणि थोड्या चरबीच्या रेणूंनाही बाहेरच्या बाजूला साखरेच्या छोट्या माळा लावलेल्या असतात, फांद्या फुटलेल्या. वजनाने बघाल तर मेंब्रेनच्या २ ते १० टक्के, पण बाहेरून येणाऱ्याला आधी तीच लागते. सगळी मिळून जी लव तयार होते तिला ग्लायकोकॅलिक्स म्हणतात. आणि ही लव फक्त बाहेर असते, आतल्या बाजूला नसते, कारण माळा ओवल्या जातात पेशीच्या आतल्या एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम आणि गॉल्जी या कप्प्यांच्या पोटात, आणि त्या कप्प्यातून निघालेला फुगा मेंब्रेनला जाऊन मिळतो तेव्हा त्याचं पोट उलटून बाहेरची बाजू होतं. उशीचा अभ्रा आपण उलटा करून सुलटा करतो ना, अगदी तसं.

आता साखरच का? कारण साखरेत लिहायला जागा फार आहे. तीन वेगवेगळे अमिनो आम्ल, म्हणजे प्रोटीनचे मणी, घ्या, प्रत्येक एकेकदा वापरा, एका ओळीत लावायचे तर ६ क्रम होतात. तीन वेगवेगळ्या साखरा घ्या, त्या कुठल्या कोपऱ्यातून जोडायच्या, वरून की खालून, सरळ की फांदी काढून, हे सगळं धरलं तर एक हजाराच्या वर रचना होतात. म्हणजे तेवढ्याच मण्यांत कितीतरी वेगळ्या खुणा.

गोड जास्त खाल्लं तर पेशीवरची साखर वाढते का?

नाही. चहातली साखर आणि ही माळ यांचा असा सरळ संबंध नाही. माळेत ग्लुकोजचेच भाऊबंद असतात, गॅलॅक्टोज, मॅनोज, फ्युकोज, सायलिक आम्ल वगैरे, पण कुठला मणी कुठे जोडायचा हे एन्झाइम ठरवतात आणि एन्झाइम ठरतात जीन्सवरून. डायबेटिसमध्ये एचबीएवनसी बघतात ते वेगळं, तिथे रक्तातली जास्तीची साखर हिमोग्लोबिनला कुठल्याही एन्झाइमशिवाय आपोआप चिकटते. एक विणकाम आणि दुसरा डाग, दोन्हीत घोळ करू नका.

रक्तगट म्हणजे हीच साखर का?

हो! आणि इतकं साधं आहे की पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वहीत तीनदा काढून बघितलं होतं.

कार्ल लँडस्टायनरने १९०१ मध्ये ए, बी, ओ गट सांगितले तेव्हा हे साखरेचं प्रकरण आहे हे माहीत नव्हतं, ते पुढे कितीतरी वर्षांनी उलगडलं. लाल पेशीवरच्या माळेच्या टोकाला गॅलॅक्टोज असतं, त्याला एक फ्युकोज जोडलं की त्याला एच म्हणायचं. हा पाया. आता त्या पायावर एन-असेटिल गॅलॅक्टोसामिन नावाचा मणी लावला की झाला ए गट. साधं गॅलॅक्टोज लावलं की बी. दोन्ही प्रकारच्या माळा असल्या की एबी. काहीच लावलं नाही, एच तसाच उघडा राहिला, की ओ. संपलं.

ए आणि बी चे मणी लावणारे जे एन्झाइम आहेत त्यांच्यात फक्त ४ अमिनो आम्लांचा फरक आहे, आणि ओ वाल्यांमध्ये बहुतेक वेळा त्याच जीनमधलं एक अक्षर गळलेलं असतं म्हणून एन्झाइम अर्धवट बनतो आणि काम करत नाही. एका ए गटाच्या लाल पेशीवर अशी ८ ते १२ लाख टोकं असू शकतात. तेवढी टोकं, आणि प्रत्येकावरचा शेवटचा एक मणी बघून तुमचं शरीर ठरवतं की आलेलं रक्त आपलं की परकं.

लोक विचारतात, मी तर कधी कोणाचं रक्त घेतलं नाही मग माझ्यात दुसऱ्या गटाविरुद्ध अँटिबॉडी, म्हणजे परकं पकडणारी प्रोटीन, आली कुठून. आतड्यातल्या बॅक्टेरियाच्या अंगावरही याच छापाच्या साखरा असतात, बाळ काही महिन्यांचं होईपर्यंत शरीराने त्या बघितलेल्या असतात आणि जी साखर आपल्याकडे नाही तिच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करून ठेवलेली असते.

बॉम्बे ब्लड ग्रुप काय भानगड आहे? मुंबईचं नाव कशाला?

कारण तो इथे सापडला, आमच्या परळलाच. केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की काही जणांचं रक्त कुठल्याच गटाशी जुळत नाहीये, ओ शीसुद्धा नाही, आणि १९५२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. म्हणून शहराचं तेव्हाचं नाव.

वर पाया सांगितला ना, एच, तोच या लोकांकडे नसतो. फ्युकोज लावणारा एन्झाइम बनवणारी जीन, एफयूटी१ तिचं नाव, आई आणि बाबा दोघांकडूनही बंद पडलेली आलेली असते. पायाच नाही तर त्यावर ए काय आणि बी काय, एन्झाइम असला तरी मणी लावायला जागाच नाही. आणि ज्याअर्थी एच आपल्याकडे नाही त्याअर्थी शरीर एचविरुद्ध अँटिबॉडी करून ठेवतं. आता बाकी जगातल्या जवळपास सगळ्यांच्या पेशींवर एच असतो, ओ वर तर सगळ्यात जास्त, त्यामुळे "ओ निगेटिव्ह सगळ्यांना चालतं" हे जे आपण ऐकत आलोय ते या माणसांना लागू नाही, त्यांना ओ दिलं तर दिलेल्या पेशी फुटतात, जीव जाऊ शकतो. त्यांना फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं. युरोपात असा माणूस लाखोंमध्ये एखादा, आपल्याकडे मुंबईच्या बाजूला साधारण १० हजारात एक धरतात.

मला जे मनापासून सांगायचंय ते इथे आहे. नेहमीच्या तपासणीत पेशंटच्या पेशींवर अँटी-ए, म्हणजे ए पकडणारी अँटिबॉडी, टाकतात, निळं असतं, आणि अँटी-बी, पिवळं. बॉम्बे गटाच्या पेशी दोन्हीत काहीच करत नाहीत, अगदी ओ सारख्या दिसतात. तिथेच थांबलात तर रिपोर्टवर ओ पॉझिटिव्ह जातं. उलटी तपासणी केली, म्हणजे पेशंटचा प्लाझ्मा (पेशी काढून उरलेला रक्ताचा पातळ भाग) घेऊन त्यात ओळखीच्या ए, बी आणि ओ पेशी टाकल्या, तरच चोरी पकडली जाते, कारण ओ पेशींबरोबर खऱ्या ओ माणसाचा प्लाझ्मा गप्प बसतो आणि बॉम्बेवाल्याचा नाही.

काही वर्षांपूर्वी एक बाई आल्या, गर्भाशयाचं ऑपरेशन होतं, हातात दुसरीकडच्या एका लॅबचा जुना लॅमिनेट केलेला रिपोर्ट, ओ पॉझिटिव्ह. संध्याकाळची वेळ, ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी, नातेवाईक म्हणत होते गट माहितीये मॅडम, पिशवी द्या फक्त. मी नेहमीप्रमाणे ट्यूब लावल्या, सेंट्रिफ्यूजमधून काढल्या, तळाशी लाल बटण बसलेलं असतं ते हलक्या हाताने हलवायचं असतं, गट जुळत असेल तर बटण धुरासारखं विरघळतं. ओ पेशींच्या ट्यूबमधलं बटण विरघळलंच नाही. अख्खा एक गोळा सुटला आणि पाण्यात तसाच फिरत राहिला, बाजूचं पाणी काचेसारखं स्वच्छ. मी परत लावलं, नव्या पेशी घेऊन, परत तेच. त्या बाईंना त्या रिपोर्टवर विसंबून एक पिशवी चढली असती तर? अजून ती ट्यूब डोळ्यासमोर येते. ज्या लॅबने तो रिपोर्ट दिला तिथे उलटी तपासणी झाली नव्हती, एवढंच कारण. पाच-दहा मिनिटांचं काम आहे हो.

बॉम्बे गट म्हणजे आजार आहे का?

नाही. रोजच्या आयुष्यात काही फरक पडत नाही, लग्न, मुलं, कामधंदा सगळं नॉर्मल. फक्त रक्त लागलं तर प्रश्न.

हां, एक गोष्ट घराघरात कळायला हवी. बॉम्बे गटाच्या माणसाच्या जीन्समध्ये ए किंवा बी लपलेला असू शकतो, पाया नाही म्हणून दिसत नाही एवढंच. मग रिपोर्टवर आई ओ, बाबा ओ, आणि मूल ए, असं होऊ शकतं, आणि त्यावरून घरात नको त्या शंका घेतल्या जातात. असं काही झालं तर आधी ब्लड बँकेत जाऊन नीट तपासणी करा, मग तोंड उघडा.

हे मणी लॅबमध्ये ओळखतात कसे? मायक्रोस्कोपमध्ये दिसतात का?

दिसत नाहीत, त्यासाठीसुद्धा चाचपणारंच काहीतरी लागतं. अँटिबॉडी हा एक प्रकार. दुसरा लेक्टिन, म्हणजे ठरावीक साखर पकडणारी प्रोटीन, वनस्पतींच्या बियांमध्ये खूप असतात. हे पहिल्यांदा कळलं १८८८ मध्ये एरंडाच्या बियांवरून, श्टिलमार्क नावाच्या संशोधकाला दिसलं की बियांचा अर्क लाल पेशींचे गोळे करतो.

आणि कोकणातल्या लोकांनी हे ऐकाच, ए१ आणि ए२ हे ए गटाचे पोटप्रकार वेगळे करायला जो अर्क वापरतात तो कुळथाचा! आपल्या पिठीचा कुळीथ. बाटलीवर डॉलिकॉस बायफ्लोरस लिहिलेलं असतं म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. त्यातलं लेक्टिन ए गटाचा तोच शेवटचा मणी पकडतं, ए१ वर ते मणी जास्त म्हणून गोळा होतो, ए२ वर कमी म्हणून होत नाही. मी आईला हे सांगितलं तेव्हा ती कुळीथ भाजत होती, तिने कढईतले चार दाणे हातावर घेऊन बराच वेळ बघितले. पिठी खाल्ल्याने रक्ताचे गोळे होतात का, असं कोणीतरी विचारतंच, तर नाही, शिजवल्यावर लेक्टिन मोडतं.

एच तपासायला युलेक्स नावाच्या एका काटेरी युरोपी झुडपाच्या बियांचा अर्क लागतो. ओ पेशी त्यात घट्ट गोळा धरतात, बॉम्बेच्या पेशी सुट्या राहतात.

रिसेप्टरला निरोप मिळाला की आत काय होतं?

पुस्तकात कुलूप-किल्ली म्हणतात, सुरुवातीला ठीक आहे पण माझ्या मते त्याने गैरसमज होतो, कारण किल्ली कुलपातून आत जाते असं वाटतं. निरोप आणणारा रेणू आत जात नाही. तो बाहेर चिकटतो आणि रिसेप्टरचा आकार बदलतो, आणि रिसेप्टर मेंब्रेनच्या आरपार असल्यामुळे बाहेर वाकला की आतही वाकतो. दारावरची कडी बाहेरून वाजवली की आवाज आत जातो, वाजवणारा बाहेरच राहतो.

समजा तुम्ही दादरला सुटणाऱ्या लोकलमागे धावताय. अॅड्रेनालिन सुटलं, हृदयाच्या पेशीवर बीटा रिसेप्टर आहे त्याला चिकटलं. हा रिसेप्टर मेंब्रेनमधून सात वेळा आतबाहेर शिवल्यासारखा गेलेला असतो. तो वाकला की आतल्या बाजूचं जी-प्रोटीन सुटतं, ते एका एन्झाइमला जागं करतं, तो एन्झाइम सायक्लिक एएमपी नावाचे रेणू भराभर बनवतो, एकाचे शेकडो, आणि धडधड वाढते. बाहेर चिकटलेला रेणू एक आणि आत बोंबाबोंब करणारे शेकडो. असे सात टाक्यांचे रिसेप्टर माणसात साधारण ८०० प्रकारचे आहेत आणि बाजारातल्या साधारण एक तृतीयांश औषधांचा रोख त्यांच्यावरच असतो, दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल घ्या, ते फुप्फुसातल्या अशाच रिसेप्टरवर बसतं. ससून डॉकला उतरल्यावर जो वास येतो तोही नाकातल्या पेशींवरच्या याच घराण्यातल्या रिसेप्टरमुळे.

इन्शुलिन आहे तरी शुगर का वाढते?

टाइप २ मध्ये पुष्कळदा इन्शुलिन येतं, रिसेप्टरला चिकटतंही, पण आतली साखळी नीट पुढे सरकत नाही. एरवी काय होतं की इन्शुलिन चिकटलं की आत ठेवलेले ग्लुट४ नावाचे दरवाजे मेंब्रेनवर येऊन बसतात आणि त्यातून ग्लुकोज स्नायूच्या पेशीत शिरतं. निरोप आत पोचला नाही तर दरवाजे आतच पडून राहतात आणि साखर रक्तात. चालायला सांगतात ते उगीच नाही, स्नायू हलवला की हे दरवाजे इन्शुलिनशिवायही थोडेफार वर येतात.

जखम झाली की पांढऱ्या पेशींना कसं कळतं कुठे उतरायचं?

रक्त जोरात वाहतंय आणि त्यातून नेमक्या ठिकाणी उतरायचंय, विचार करा. जखमेजवळच्या बारीक रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर सिलेक्टिन नावाची प्रोटीन उगवतात. ती पांढऱ्या पेशीवरची एक ठरावीक साखर, सायलिल लुईस एक्स, हलकेच पकडतात आणि सोडतात, पकडतात आणि सोडतात. त्यामुळे पेशी थांबत नाही पण वेग कमी होऊन अस्तरावरून गडगडत जाते. मग अस्तरावरचे केमोकाइन नावाचे निरोपाचे रेणू तिला लागतात, तिच्या अंगावरची इंटिग्रिन नावाची प्रोटीन ताठ होतात आणि घट्ट पकड बसते, मग ती चपटी होऊन दोन पेशींच्या फटीतून बाहेर. आधी साखरेची सैल पकड, मग प्रोटीनची घट्ट. पहिली नसेल तर दुसरीची वेळच येत नाही.

त्या साखरेतही फ्युकोज लागतं, तोच मणी जो एच मध्ये होता. फार क्वचित अशी मुलं जन्मतात ज्यांच्या पेशींना फ्युकोज कुठेच नीट लावता येत नाही. त्यांना वारंवार इन्फेक्शन होतं पण पू धरत नाही, कारण पांढऱ्या पेशी उतरतच नाहीत, आणि त्यांचा रक्तगट तपासला तर तो बॉम्बेसारखा येतो. नेहमीच्या बॉम्बे गटाच्या लोकांना हा त्रास नसतो, त्यांच्यात फक्त एचचं फ्युकोज नसतं, बाकी ठिकाणचं असतं.

व्हायरस, बॅक्टेरिया यांचा इथे काय संबंध?

ते याच खुणांचा गैरफायदा घेतात. एच१एन१ या फ्लूच्या व्हायरसच्या नावातला एच म्हणजे हिमॅग्लुटिनिन (आपल्या वरच्या एचशी संबंध नाही), ते घशातल्या पेशींवरच्या सायलिक आम्लाला धरतं. एन म्हणजे न्युरामिनिडेज, ते नवीन व्हायरस बाहेर पडताना तीच साखर कापतं, नाहीतर पिल्लं तिथेच चिकटून बसतील. ओसेल्टामिव्हिर गोळी ही कात्री बंद करते.

कॉलऱ्याचं विष आतड्याच्या पेशीवरच्या जीएम१ या साखर लावलेल्या चरबीला पाच बोटांनी धरतं, आत जाऊन वर सांगितलेलं जी-प्रोटीन चालू अवस्थेत अडकवून टाकतं, आणि पाणी वाहत सुटतं. कॉलऱ्याचे जंतू असं विष बाहेर सोडतात हे कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवलं. ओआरएसमध्ये मिठाबरोबर साखर असते ती चवीसाठी नाही, आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेणारं एक वेगळं प्रोटीन आहे ज्याला हे विष हात लावत नाही, त्याच्या मागून पाणी आत येतं.

आणि पावसाळ्यात मुंबईत मलेरियाच्या रिपोर्टवर वायव्हॅक्स लिहिलेलं असतं ना, तो परजीवी लाल पेशीत शिरताना डफी नावाचं प्रोटीन धरतो. पश्चिम आफ्रिकेतल्या बहुतेक लोकांच्या लाल पेशींवर डफी नसतं, म्हणून त्यांना वायव्हॅक्स फार कमी होतो. आपल्याकडे बहुतेकांकडे असतं.

किडनी द्यायची तर रक्तगट जुळला की झालं का?

नाही, एचएलए नावाची प्रोटीनही बघतात. जवळपास प्रत्येक पेशी आत बनलेल्या प्रोटीनचे तुकडे एचएलएच्या ताटलीत ठेवून बाहेर दाखवत असते, आणि टी पेशी, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, फिरत फिरत ते चाचपतात, ओळखीचं असेल तर पुढे जातात, व्हायरसचा तुकडा लागला तर ती पेशी मारतात. ताटलीचे नमुने माणसागणिक वेगळे. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. लाल पेशींवर एचएलए जवळजवळ नसतंच, म्हणून रक्त देणं त्या मानाने सोपं.

कॅन्सरमध्ये याचा काही उपयोग आहे का?

खूप, आणि मुंबईचा यात मोठा वाटा आहे याचा मला फार अभिमान वाटतो. रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये बिघडलेल्या बी पेशींवर (याही पांढऱ्या पेशीच, अँटिबॉडी बनवणाऱ्या घराण्यातल्या) सीडी१९ नावाचं प्रोटीन असतं. पेशंटच्याच टी पेशी काढतात, त्यात लॅबमध्ये एक नवीन जीन घालतात म्हणजे त्यांच्या अंगावर सीडी१९ पकडणारा रिसेप्टर उगवतो, त्या वाढवतात आणि परत पेशंटला देतात. कार-टी म्हणतात ते हेच. पवईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून नेक्सकार१९ तयार झालं, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला मंजुरी मिळाली, भारतात बनलेलं असं पहिलं. चांगल्या बी पेशींवरही सीडी१९ असतं, त्यामुळे त्याही मरतात, नंतर बऱ्याच पेशंटना इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडी, द्यावं लागतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

दुसरी बाजू, कॅन्सरची पेशी पीडी-एल१ नावाचं प्रोटीन दाखवून टी पेशीला "मला सोड" म्हणते. ते अडवणारी औषधं आली, टी पेशींवरचे असे ब्रेक काढण्याच्या शोधासाठी अॅलिसन आणि होंजो यांना २०१८ चं नोबेल.

पेशी सुट्या केल्या तर परत एकत्र येतील का?

स्पंज या समुद्री प्राण्यावर विल्सन नावाच्या संशोधकाने १९०७ मध्ये हे करून बघितलं. बारीक कापडातून जिवंत स्पंज पिळून काढला, पेशी सुट्या झाल्या, आणि त्या समुद्राच्या पाण्यात सरकत सरकत परत एकत्र आल्या, नवीन स्पंज उभा राहिला. पुढे दोन जातींच्या पेशी मिसळूनही बघितलं, आपापल्या जातीच्या पेशी शोधून वेगळे गोळे झाले. तिथेही अंगावरच्या साखरा आणि प्रोटीनच. आपल्यात हे धरून ठेवायचं काम कॅडहेरिन नावाची प्रोटीन करतात, त्यांना कॅल्शियम लागतं.

बॉम्बे गट निघाला तर भावंडांचीही तपासणी का सांगता?

कारण ती बंद जीन आई आणि बाबा दोघांकडे लपलेली असते, त्यामुळे प्रत्येक सख्ख्या भावंडात तोच गट असण्याची शक्यता चारात एक, आणि बाहेर १० हजारात एक. कुठे शोधायचं हे उघड आहे. त्याशिवाय ऑपरेशन आधी ठरलेलं असेल तर स्वतःचंच रक्त काढून ठेवता येतं, आणि अशी दुर्मिळ रक्तं ग्लिसरॉल घालून गोठवून १० वर्षांपर्यंतही ठेवतात, पण ती सोय सगळीकडे नाही. आपला गट बॉम्बे आहे हे कळलं तर ब्लड बँकेच्या दुर्मिळ गटांच्या यादीत नाव आणि फोन नंबर द्या आणि नंबर बदलला तर तेही कळवा, आम्ही फोन लावतो आणि नंबर अस्तित्वात नाही असं ऐकू येतं तेव्हा काय वाटतं ते सांगू शकत नाही.

त्या बाईंचं ऑपरेशन पुढे ढकललं. चार भावंडं होती, दोघं मुंबईत, दोघं गावाला. मुंबईतल्या दोघांचं सॅम्पल त्याच रात्री घेतलं, दोघंही साधे ओ, एचवाले. गावाकडची बहीण ए निघाली. राहिला धाकटा भाऊ, चिपळूणहून रात्रीच्या एसटीने आला, सकाळी साडेसहाला बॅग खांद्यावर घेऊनच समोर उभा. त्याच्या पेशी घेतल्या, युलेक्सचा थेंब टाकला, फिरवलं, आणि बटण हलवलं. धुरासारखं विरघळलं.